अर्ध्यावरची हाक

मी दोर जरा जास्त जोरात ओढला, एवढंच निमित्त. वर चर्चच्या मनोऱ्यात काहीतरी कडाडलं आणि घंटेला उलटी उभी धरून ठेवणारा लाकडी अडसर तुटला. अडसर तुटला की घंटा मोकाट सुटते आणि दोर वर ओढून नेते. अशा वेळी दोर सोडून द्यायचा असतो. हा नियम मला तोंडपाठ होता, पण माझ्या हातांना तो कुणी कळवला नव्हता. दोराने मला चांगलं पुरुषभर उंच नेलं, आमच्या घंटाखोलीचं वरून दर्शन घडवलं, आणि मग जिथे आणून टाकलं तिथे डॉर्कस केरिजने सगळ्यांसाठी आणलेलं सॉसेज रोलचं ताट होतं.

मी ताटातून उठलो. मोडलं काहीच नव्हतं, म्हणजे माझं. सॉसेज रोल मात्र कामातून गेले होते. मग कोपऱ्यातल्या खुर्चीतून एडगर पेटिफरचा आवाज आला.

"बहात्तर सालानंतर या मनोऱ्यात एवढा मोठा डॉर्कस झाला नव्हता!"

सगळे हसले. सवयीने हसले. आणि हसता हसता एकेकाच्या लक्षात आलं, की खरी डॉर्कस गुडघ्यांवर बसून माझ्या खालचे रोल वेचते आहे.

मार्लिंगहॅम गावात डॉर्कस हे बाईचं नाव कमी आणि अपघाताचं नाव जास्त आहे. केक करपला, डॉर्कस झाला. दूध उतू गेलं, डॉर्कस झाला. मी गावातली बस चालवतो (घंटा वाजवतो त्यापेक्षा पुष्कळ बरी चालवतो). एकदा बस मागे घेताना शाळेच्या कुंपणाला टेकवली, तर आतून सगळी पोरं एका सुरात ओरडली, "क्लेमने डॉर्कस केला!" त्या पोरांना हे ठाऊकही नाही, की आपल्या आया रविवारचं मांस जिच्याकडून आणतात तिचंच हे नाव. ती काउंटरमागे उभी असताना तिच्यासमोर एखाद्या गिऱ्हाइकाच्या हातून अंडं फुटतं, तोंडातून शब्द निघतो, आणि मग ते गिऱ्हाईक जीभ चावून छताकडे बघत बसतं. डॉर्कसचा सुरा मात्र जरा जोरात चालतो.

हे नाव असं लावलं ते एडगरने. ते कसं, हे सांगायचं तर आधी घंटांचं सांगायला हवं.

आमच्याकडे घंटांवर गाणी वाजवत नाहीत. आठ घंटा, आठ माणसं. बारीक आवाजापासून जाड आवाजापर्यंत ओळीने सुरू करायचं, एक-दोन-तीन-चार असं. ही सरळ रांग. मग दर फेरीला शेजारशेजारच्या घंटांनी जागा बदलायच्या. आठवी सगळ्यांत जड, ती दर वेळी शेवटीच बोलते. उरलेल्या सात फिरत राहतात. एकदा येऊन गेलेली रांग पुन्हा येऊ द्यायची नाही. सातांच्या वेगवेगळ्या रांगा किती होतात? सात गुणिले सहा गुणिले पाच करत एकापर्यंत उतरा : पाच हजार चाळीस. त्या सगळ्या, एकही न गाळता, एकही दोनदा न येऊ देता, समोर कागद न ठेवता, तीनेक तास उभ्याने वाजवायच्या आणि शेवटी पुन्हा सरळ रांगेत यायचं. याला पील म्हणतात. बाहेरचा माणूस विचारतो, हे करायचं कशासाठी? आमच्याकडचा माणूस विचारतो, कधी?

डॉर्कसचा या आकड्यावर भारी जीव. दुकानात गर्दी नसली की ती मला तो कापून दाखवते.

"दोघांत वाट, तिघांत वाट, सातांत वाट, नवांत वाट," ती म्हणते, "एक तुकडा उरत नाही. दहा माणसं जेवायला येऊ देत, कुणी नाराज होऊन जाणार नाही. अकरा आली तर मात्र दारातून परत."

"आणि बारा?"

"बारांना पुरतं. अकरांशीच याचं काय वाकडं आहे देव जाणे. मला आवडतं ते. सगळ्यांशी गोड वागणाऱ्याचंसुद्धा एक तरी वैर असावं."

आणि त्याचं अर्धं, दोन हजार पाचशे वीस, हे तिला पूर्णापेक्षाही लाडकं. "एकपासून दहापर्यंत सगळ्यांना सारखं वाटता येईल असा हा पहिला आकडा," ती म्हणते. "याच्या खाली एकही नाही. जाऊन बघ." मी बघितलं नाही. तिच्या हातात सुरा होता आणि माझा विश्वास होता.

नेमक्या याच अर्ध्यावर तिचं नाव मातीत गेलं.

बहात्तर साली डॉर्कस एकोणीस वर्षांची होती. मार्लिंगहॅमच्या मनोऱ्यात तोवर एकाही बाईने पील वाजवला नव्हता आणि त्यात काही चुकतंय असं एकाही पुरुषाला वाटलं नव्हतं. एडगर तेव्हा मनोऱ्याचा कप्तान. कोळशाचा व्यापारी, छत्तिशीचा, आवाज असा की घंटा थांबल्या तरी तो ऐकू यावा. पीलच्या आठवड्यात एकाला गालफुगी झाली आणि नाइलाजाने दुसऱ्या घंटेवर डॉर्कसला घेतलं. पाचवीवर तिचा बाप होता. एडगर सातवीवर, आणि हाका त्याच्या.

हाका म्हणजे काय, तर नुसत्या जागा बदलत राहिलं की घंटा थोड्या वेळात सरळ रांगेत परत येतात. त्यांना भलतीकडे वळवायला मधूनमधून एकाने ओरडावं लागतं. नेहमीची हाक असते 'बॉब'. ती पुष्कळदा येते. दुसरी हाक 'सिंगल'. ती आम्ही वाजवतो त्या रचनेत दोनदाच येते, एकदा बरोबर अर्ध्यावर आणि एकदा शेवटी. या प्रकारात नुसत्या बॉबवर पाच हजार चाळीस पुरे होतच नाहीत. तुम्ही कितीही हुशारी करा, काही रांगा बाहेरच राहतात. त्यांच्यापर्यंत जायचा दरवाजा सिंगल उघडतो. आणि अर्ध्यावरचा सिंगल राहिला, तर घंटा संध्याकाळी गोठ्याकडे वळणाऱ्या गाईंसारख्या शिस्तीत सरळ रांगेत येऊन उभ्या राहतात. पील तिथेच मेला.

त्या दिवशी तसंच झालं. अर्ध्यावर घंटा सरळ वाजल्या. सगळ्या गावाने ऐकलं. एडगर ओरडला, "थांबा!" आणि त्या शांततेत म्हणाला, "डॉर्कस पाचवीशी अदलाबदल करून बसली. तिची जागा त्याने घेतली, त्याची तिने. गेला पील."

तिने बापाकडे बघितलं. बापाने दोराकडे बघितलं. घरी जाताना तो म्हणाला, "होतं असं, पोरी. मनाला लावून घेऊ नकोस." पुढच्या वर्षी तो वारला. तिची चूक पोटात घालूनच वारला.

हे सगळं मला डॉर्कसने सांगितलं नाही. गावात ते सगळ्यांना पाठ आहे. तिने मला सांगितलं ते वेगळं. "मी चुकले नव्हते," ती एकदा कोकराचा खांदा सोलताना म्हणाली. "आणि ते मी दाखवून देऊ शकते. मला उमगायला आठ वर्षं लागली, पण त्याच्यापुढे मांडलं तर पाव घटकेत दाखवीन."

"मग मांड की! एवढी वर्षं कशाची वाट बघतेस?"

"तो एकटा असताना मांडलं तर तो हसून उठून जाईल. तो उठून जाऊ शकणार नाही असा दिवस हवाय मला. गाव समोर हवं. आणि ते त्याच्या तोंडून यायला हवं, माझ्या नाही."

अशा बाईने त्या माणसाशी कसं वागावं असं तुम्हाला वाटेल? सारा गाव एडगरला एडगर म्हणतो, ती एकटी त्याला मिस्टर पेटिफर म्हणते. अहोजाहो करते. दर शुक्रवारी दुकानातला उत्तमातला उत्तम तुकडा त्याच्यासाठी बाजूला काढलेला असतो. डॉक्टरांनी त्याला चरबी बंद केल्यापासून ती त्याच्या बेकनची कड स्वतःच्या हाताने उतरवून देते. मला ते बघून भरून यायचं. मी एकदा म्हणालोसुद्धा, "डॉर्कस, मनाने मोठी आहेस बाई."

"मोठी?" ती म्हणाली. "तो ठणठणीत राहायला हवाय मला. माझ्याआधी मेला तर मी काय करू?"

तर त्या मंगळवारी, मी ताटात पडलो आणि एडगरने आपला जुना विनोद पुन्हा काढला, तेव्हा डॉर्कस रोल वेचून उभी राहिली. ताट माझ्या हातात दिलं. एप्रनला हात पुसले.

"मिस्टर पेटिफर, येत्या मेमध्ये तुम्हाला ऐंशी पुरी होतात ना?"

"होतात. का गं पोरी? केक करणार आहेस?"

तो तिला अजून पोरी म्हणतो. ती त्रेसष्ट वर्षांची आहे.

"तोच पील पुन्हा वाजवू. तुमच्या वाढदिवसाला. तीच रचना, तुम्ही सातवीवर, हाका तुमच्या. मी दुसरीवर."

एडगरच्या डोळ्यांत चमक आली. गेली दहा वर्षं कुणी त्याला हाका द्यायला बोलावलं नव्हतं. तो दर आठवड्याला येऊन कोपऱ्यात बसायचा तो आमचं किती वाईट चाललंय हे बघायला.

"आणि तू परत घोळ घातलास तर?"

"तर माझ्या नावाचं चाललंय ते चालू द्या. पण घोळ दुसऱ्या कुणाचा निघाला, तर तुम्ही सगळ्या गावासमोर उभं राहून सांगायचं. नावानिशी. त्या दिवशीचाही आणि मागचाही."

"सांगेन की! मला कुणाची भीती आहे?" एडगर म्हणाला, आणि खुर्चीतून न धरता उठला. दहा वर्षांत मी त्याला तसं उठताना बघितलं नव्हतं.

डॉर्कसने तिथेच माणसं वाटून टाकली. "तिसरीवर क्लेम."

"मी?" मी म्हणालो. माझ्या मांडीला अजून पेस्ट्रीचे पापुद्रे चिकटले होते. "अगं, मी आत्ता कुठे बसलो होतो बघितलंस ना?"

"तू चुकतोस, पण चुकलो म्हणतोस," ती म्हणाली. "मला तेवढं पुरे."

मे महिना आला. चर्चच्या हिरवळीवर टेबलं मांडली गेली. आमच्या व्हिकर, म्हणजे चर्चच्या धर्मगुरू, क्वांट्रिलबाई, उंच, शिडशिडीत आणि कुणाचंही मन न मोडणाऱ्या, त्यांनी एडगरच्या वाढदिवसाचा फलक स्वतः रंगवला. चहा, स्कोन, हॅम, स्पंज केक. अर्धा गाव खुर्च्या घेऊन आला. खाली बसून तीन तास घंटा ऐकायच्या आणि वेळोवेळी 'छान चाललंय' म्हणायचं, हे आमच्याकडे करमणुकीत मोडतं.

वर आम्ही आठ जण दोरांपाशी उभे राहिलो. एडगर इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, दाढी दोनदा केलेली दिसत होती.

"मिस्टर पेटिफर," डॉर्कस सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अर्ध्यावरचा सिंगल लक्षात आहे ना?"

एडगरचे कान लाल झाले. "तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी हाका देतोय!"

"म्हणूनच विचारलं."

मग सुरुवात झाली. आणि खरं सांगतो, म्हाताऱ्याने काय हाका दिल्या! बॉब, बॉब, जागच्या जागी, सुरी बसावी तशा. घंटा खेळत होत्या. डॉर्कस तर अशी वाजवत होती, की दोर तिच्या हातात आहे की ती दोराच्या, ते कळू नये. माझंसुद्धा बरं चाललं होतं. आणि माझं बरं चाललंय, असं मनात आलं की माझं काय होतं, हे गावातल्या कुंपणांना विचारा.

अर्ध्याच्या जरा आधी मी डगमगलो. कुणाच्या मागे वाजवायचं ते हुकलं. माझी घंटा क्षणभर कुणाच्याच ओळखीची नाही अशी दोघींच्या मध्ये बोलली.

"क्लेम!" एडगर गरजला. "पाचवीच्या मागे! पाचवीच्या मागे जा, बैला! हां, आता थांब... आता पुढे... बघ समोर, दोर बघ!"

मी सावरलो. आपल्या जागेवर आलो. हुश्श करून वर बघितलं, तर समोर डॉर्कसचा चेहरा.

ती एडगरकडे बघत होती. तिच्या तराजूत मांस पडतं आणि काटा थरथरत स्थिरावू लागतो, तेव्हा ती ज्या नजरेने काट्याकडे बघते, त्या नजरेने. ओठ मिटलेले. एडगर अजून माझ्याकडे डोळे वटारून होता. एक फेरी गेली. आणखी एक गेली. पील चालू असताना हाका देणाऱ्याखेरीज कुणी तोंड उघडायचं नसतं, आणि डॉर्कस नियम पाळणारी बाई आहे. मला हाकांचा हिशेब ठेवता येत नाही. पण तिच्या चेहऱ्यावर मला एक गोष्ट दिसली, जी वाजवताना कधी दिसत नाही. ती हसली.

आणि घंटा सरळ व्हायला लागल्या. आधी सहावी-सातवी ओळीत आल्या. मग चौथी-पाचवी. मला वाटलं, अरे वा, काय सुंदर वाजतंय. मग आख्ख्या मनोऱ्याने एका श्वासात म्हटलं : एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ.

खालून टाळ्या ऐकू आल्या. त्यांना वाटलं, संपलं.

"थांबा!" एडगर ओरडला. चेहरा खडूसारखा पांढरा. दोर थांबले. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि त्याच्या तोंडातून तेच निघालं जे चव्वेचाळीस वर्षांपूर्वी निघालं होतं. सवयीने निघालं, बिचाऱ्याच्या.

"डॉर्कस! क्लेमशी अदलाबदल करून बसलीस! परत?"

"खाली चला, मिस्टर पेटिफर," डॉर्कस म्हणाली. "जिना अरुंद आहे, सांभाळून. कठडा धरा." आणि ती त्याच्या पुढे उतरली, पडला तर झेलायला.

हिरवळीवर क्वांट्रिलबाई घड्याळ बघत उभ्या होत्या. "इतक्यात झालं?"

"डॉर्कस झाला!" एडगर लोकांना म्हणाला. दोनचार जण हसले. बाकीचे हसणार होते, पण डॉर्कस चहाच्या टेबलाशी पोचली होती आणि टेबलावरची कापडी फुलं तिने बाजूला सारली होती.

तिने सात गोष्टी ओळीत मांडल्या. सॉसेज रोल, हॅमचा तुकडा, स्कोन, अंड्याचं सँडविच, स्पंज केक, सफरचंद आणि लोणच्यातल्या कांद्यांची बरणी.

"मिस्टर पेटिफर, दर फेरीला किती जोड्या जागा बदलतात?"

"तीन. हे काय विचारणं झालं?"

"अर्ध्यापर्यंत फेऱ्या?"

"दोन हजार पाचशे वीस."

"म्हणजे अदलाबदली किती?"

"सात हजार पाचशे साठ," क्वांट्रिलबाई पटकन म्हणाल्या.

"सम की विषम?"

"सम."

"त्यात, तुम्ही म्हणता तसं, मी आणि क्लेम चुकून जागा बदलून बसलो. ती एक जास्तीची."

"मग विषम झाल्या."

"बरं," डॉर्कस म्हणाली. "ही सरळ रांग. मिस्टर पेटिफर, तुम्ही यातल्या कुठल्याही दोन गोष्टी उचला आणि एकमेकींच्या जागी ठेवा. झाली एक अदलाबदल. अशा हव्या तेवढ्या करा. पण शेवटी रांग होती तशी सरळ आली पाहिजे, आणि अदलाबदली विषम झालेल्या पाहिजेत. एकदा, फक्त एकदा जमवून दाखवा. मी इथे सगळ्यांसमोर म्हणेन, दोन्ही वेळा घोळ माझाच होता."

"हात्तिच्या!" एडगर म्हणाला आणि बाह्या सरसावल्या.

क्वांट्रिलबाई मोजायला लागल्या. एडगरने स्कोन आणि सफरचंद बदललं, मग सफरचंद आणि केक, मग बरणी. रांग विस्कटली, मग हळूहळू जमत आली, आणि सरळ लागली तेव्हा बाई म्हणाल्या, "सहा."

"सम," डॉर्कस म्हणाली. "परत."

"आठ."

"परत."

आता लोक खुर्च्या घेऊन जवळ आले. पोस्टातल्या निवृत्त बाई मागून ओरडल्या, "एडगर, बरणी आधी हलव, बरणी!" त्याने बरणी आधी हलवली. एकदा त्याने सातव्या अदलाबदलीला थांबून विजयाने हात वर केले, तर हॅम आणि सँडविच उलटे राहिले होते. त्याने ते बदलले. "आठ," क्वांट्रिलबाई हळूच म्हणाल्या, जणू त्यांचाच दोष. केकवर बोटांचे ठसे उमटले. स्कोनचा चुरा झाला. पोस्टवाल्या बाईंनी स्वतः करून बघितलं, जमलं नाही. माझ्याही हाताला खाज सुटली होती, पण डॉर्कसकडे बघून मी हात खिशात घातले. ती हाताची घडी घालून उभी होती, ऊन खात असल्यासारखी.

"सावकाश करा, मिस्टर पेटिफर," ती म्हणाली. "मी चव्वेचाळीस वर्षं थांबले. घाई नाही."

एडगरचा हात बरणीवर थांबला. घाम नाकाच्या शेंड्यावर आला होता. क्वांट्रिलबाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "म्हणजे कुणी एक जास्तीची अदलाबदल केली असती, तर घंटा सरळ रांगेत येऊच शकल्या नसत्या. आणि त्या तर सरळ आल्या. आपण सगळ्यांनी ऐकल्या." त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे वाजवणाऱ्यांचं काहीच चुकलं नव्हतं. सांगितलं तसंच त्यांनी वाजवलं."

"आणि सांगायचं काय राहिलं?" डॉर्कसने विचारलं. बाईंना नाही.

एडगरने बरणीवरचा हात काढला.

"सिंगल," तो म्हणाला. "क्लेमवर ओरडत होतो. राहून गेला."

"हे आजचं झालं."

"डॉर्कस, वाढदिवस आहे गं त्यांचा," क्वांट्रिलबाई म्हणाल्या.

"मला ठाऊक आहे, केकची साय मीच आणली. मिस्टर पेटिफर, बहात्तर साली घंटा कशा लागल्या होत्या? इथल्या निम्म्या लोकांनी ऐकल्यात."

"सरळ," एडगर म्हणाला.

"मग?"

"शिंक आली होती मला." त्याचा तो मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "शिंकलो, आणि हाक राहिली."

"आणि माझं नाव का घेतलंत?"

"एकोणीस वर्षांची होतीस. वाटलं, विसरशील."

कुणाच्या तरी कपात चमचा वाजला. डॉर्कसने मान हलवली, किलोभर काही मागितल्यावर हलवते तशी.

"पाचवीवर माझा बाप होता," ती म्हणाली. आणि मग, "मागच्यांना ऐकू गेलं नाही. तुम्ही नावानिशी म्हणणार होता."

मला वाटलं, आता सोड गं. पण ती सोडणारी नव्हती, आणि तो उठून जाऊ शकत नव्हता. ऐंशी वर्षांचा एडगर पेटिफर टेबलाला धरून ताठ उभा राहिला आणि छातीतला उरलासुरला आवाज गोळा करून म्हणाला, "बहात्तर सालचा घोळ माझा. आजचाही माझा. एडगर पेटिफरचा. डॉर्कस केरिजने एक ठोका चुकवला नाही."

तेवढ्यात पलीकडे कुणाचीतरी बशी गवतावर पडली आणि एक चिमुरडी ठणकावून म्हणाली, "एडगर झाला!" तिच्या आईने तिचं तोंड दाबलं. पण शब्द सुटून गेला होता, आणि मी डॉर्कसकडे बघितलं तर तिने डोळे मिटून घेतले होते, पहिला घास जिभेवर विरघळू द्यावा तसे.

नंतर मी एडगरला चहा नेऊन दिला. तो चर्चच्या फाटकाजवळच्या बाकावर एकटाच बसला होता. डोळे ओले होते आणि ते लपवायचं त्याला सुचत नव्हतं.

"दर शुक्रवारी ती मला सगळ्यांत चांगला तुकडा काढून ठेवायची रे," तो म्हणाला. "मला वाटायचं, विसरली."

मी त्याला घरापर्यंत बसने सोडलं. सीटवर एकटाच होता, तरी दोन्ही हातांनी दांडा धरून बसला होता. परत आलो तेव्हा डॉर्कस चर्चमागच्या लहानशा स्वयंपाकघरात कपबश्या विसळत होती. मी फडकं घेऊन पुसायला उभा राहिलो. तिने बाह्या कोपरापर्यंत वर घेतल्या होत्या आणि पाणी फार गरम होतं तरी तिला जाणवत नव्हतं.

माझ्याने राहवलं नाही. म्हाताऱ्याची ती ओली नजर माझ्याबरोबर बसमधून उतरली होती.

"डॉर्कस," मी म्हणालो, "तो माझ्यावर ओरडत होता तेव्हा हाक राहतेय, हे तुला दिसत होतं. दिसत होतं ना? नियम आहे, मान्य. पण घंटांच्या त्या गदारोळात तू नुसतं 'सिंगल' म्हणून पुटपुटली असतीस, तर कुणाला कळणार होतं? पील पुरा झाला असता. नंतर तुला हवं ते टेबलावर मांडलं असतंस. म्हातारा ऐंशीव्या वाढदिवसाला हसत घरी गेला असता. तुझं काय गेलं असतं?"

तिने शेवटची बशी पाण्याखाली धरली, दोन्ही बाजूंनी बघितली आणि माझ्या हातात दिली.

"माझा सूड."